थ्री-नॉट-थ्रीनंतरची रायफल

माझ्या पिढीच्या कोल्हापूरकराने आयुष्यात पाहिलेली पहिली रायफल बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे ट्रेझरीच्या दारात किंवा गणपतीच्या बंदोबस्तात पोलिसाच्या खांद्यावर असलेली थ्री-नॉट-थ्री. तेलकट काळा दस्ता, पितळी बकलाचा पट्टा आणि हवालदाराचा कंटाळलेला चेहरा, एवढेच माझ्या लक्षात राहिले होते. ते लाकूड आणि लोखंड एकमेकांत कसे बसवलेले असते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. वास्तविक तो पडायला हवा होता, कारण शिवाजी उद्यमनगरात वडिलांचे लेथचे वर्कशॉप होते आणि शाळा सुटल्यावर माझा वेळ तिथेच जात असे. पुढे मीही यंत्रांच्या धंद्यातच शिरलो आणि नोकरीच्या निमित्ताने न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरात स्थायिक झालो. चाळिशीत, आयुष्यात प्रथमच, स्वतःसाठी रायफल निवडण्याची वेळ तिथे माझ्यावर आली. शिकारीलाही चालेल, रेंजवर लक्ष्यावर नेम धरण्यासाठीही चालेल आणि पंचवीस-तीस वर्षे टिकेल, अशी एकच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट नावाचा दट्ट्या हाताने मागेपुढे सारावा लागणारी, मला हवी होती. ती हाती यायला जवळजवळ एक वर्ष गेले.

शिकार हा शब्द मराठी घरात आजही जरा दबक्या आवाजात उच्चारला जातो, आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते योग्यच आहे. ज्या दाजीपूरच्या जंगलात एके काळी संस्थानी शिकारी होत, तिथे आपण गवे पाहायला जातो. न्यूझीलंडची गोष्ट मात्र मुळातूनच निराळी आहे. वटवाघळे सोडली तर या भूमीवर मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांनी हौसेने हरणे आणून सोडली, त्यांना खाणारा कोणी नसल्यामुळे ती बेसुमार वाढली, कोवळी झाडे खाऊन त्यांनी डोंगरउतार उघडे पाडले, आणि १९३० पासून सरकारलाच पगारी शिकारी नेमून ती मारावी लागली. आपल्या हिमालयातला ताहरसुद्धा १९०४ मध्ये इथल्या दक्षिण बेटावर सोडला गेला आणि आज त्याचीही संख्या बंदुकीने आटोक्यात ठेवावी लागते. हे सगळे मी आईला फोनवर बराच वेळ समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे हरणं मारायला एवढ्या लांब गेलास व्हय रे?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो की मारलेले हरीण आम्ही खातो, आणि वर्षाकाठी एक-दोन पुरतात.

रायफलीआधी परवाना. इथे बंदूक बाळगणाऱ्या माणसाला परवाना लागतो आणि तो देण्याचे काम २०२२ च्या अखेरीपासून शस्त्र-सुरक्षेच्या एका प्राधिकरणाकडे आहे. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, मग घरी येऊन मुलाखत, अशी ही पायरीपायरीची प्रक्रिया आहे. मुलाखत माझ्याबरोबर पत्नीचीही झाली, आणि ती मला दुसऱ्या खोलीत पाठवून घेण्यात आली. घरात भांडणे होतात का, झाली तर मी कसा वागतो, हे तिला विचारले गेले असावे, कारण बाहेर आल्यावर ती बराच वेळ गालातल्या गालात हसत होती. बंदुकीची तिजोरी भिंतीच्या लाकडी खांबात बोल्टने घट्ट आवळलेली आहे की नाही हे अधिकाऱ्याने स्वतः ओढून पाहिले आणि काडतुसांसाठी वेगळा कुलूपबंद डबा दाखवायला सांगितला. पहिला परवाना पाच वर्षांचा मिळतो. सुरक्षेचे सात नियम तोंडपाठ करावे लागतात. त्यांतला चौथा, म्हणजे लक्ष्य नेमके काय आहे याबद्दल तिळमात्र शंका नसल्याखेरीज चाप ओढायचा नाही हा, पुढे माझ्या चांगलाच उपयोगी पडला.

परवाना हाती पडेपर्यंतच्या काळात मी शेजारच्या एका वयस्क शिकाऱ्याबरोबर त्याच्या देखरेखीखाली रेंजवर जात असे. त्याच्याकडे त्याच्या वडिलांची थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफील्ड, होती. युद्धानंतर स्वस्तात विकल्या गेलेल्या ली-एनफील्ड रायफलींचा पुढचा लाकडी भाग कापून त्या शिकारीसाठी हलक्या करून घेण्याची इथे रीत होती, आणि अशा कापलेल्या रायफलींवर न्यूझीलंडच्या शिकाऱ्यांच्या दोन पिढ्या वाढल्या. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने याच जातीच्या रायफली दशकानुदशके बनवल्या, हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याला फार आनंद झाला. जणू आम्ही दूरचे नातेवाईकच निघालो.

त्या रायफलीने मला पहिला धडा दिला. ऐंशी वर्षांच्या त्या यंत्राचा बोल्ट लोण्यासारखा सरकत होता आणि काडतूस एकदाही अडकले नाही. टिकाऊपणा यालाच म्हणायचे, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. पण उन्हाळ्यात काळ्या वर्तुळात बसलेल्या तिच्या गोळ्या हिवाळ्याच्या पावसात मात्र चार बोटे डावीकडे बसू लागल्या. लाकूड ओल धरते, फुगते आणि नळीला एका बाजूने रेटते. पावसाळ्यात आमच्या जुन्या घराचे दार चौकटीत अडकायचे आणि बाबा रंधा घेऊन बसायचे. इथे तेच दार दस्त्याच्या रूपाने माझ्यापुढे आले होते. रायफल मोडली नव्हती, गंजली नव्हती, फक्त काल जिथे गोळी टाकत होती तिथे आज टाकत नव्हती. म्हणजे टिकणे या शब्दाचे दोन अर्थ होते, आणि दुकानातली माहितीपत्रके त्यांतल्या एकाविषयीच बोलत होती. शंभर वर्षे न मोडणारी रायफल बनवणे फारसे अवघड नाही, कारण तिचे सुटे भाग मोजके असतात आणि त्यांना रोज काम नसते. भिजून, आपटून, गोठून आणि तापून झाल्यावरही पहिली गोळी ठरल्या जागी टाकणारी रायफल मात्र विचारपूर्वकच निवडावी लागते.

मग माझ्या गरजांकडे वळलो आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत हे ध्यानात आले. रेंजवर जड रायफल चांगली. जाड नळी उशिरा तापते, सलग दहा गोळ्या झाडल्या तरी त्या एकाच जागी बसतात, आणि वजनामुळे खांद्याला धक्का कमी लागतो. इथल्या डोंगरात मात्र एक हरीण दिसेपर्यंत दिवसभर ओढे ओलांडत, नेचांच्या आणि वेलींच्या गुंत्यातून सरपटत चालायचे असते, आणि तिथे अर्धा किलोही संध्याकाळपर्यंत दोन किलोंचा होतो. जाड नळीचे मॉडेल साडेतीन किलोंच्या वर जाते. त्यावर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, आणि सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडावरचा आवाज दाबणारा नळकांडा, चढवला की साडेचार किलो झालेच. सप्रेसर हा शब्द वाचून आपल्याकडचा वाचक दचकेल, परंतु इथे तो सर्रास वापरला जातो. कान वाचतात आणि धक्काही कमी होतो. मी दोन्ही टोके सोडून दिली आणि एक हिशेब मांडला. शिकारीत लागते ती थंड नळीतली पहिली गोळी, फार तर दुसरी. रेंजवर मला स्पर्धा जिंकायची नव्हती, तर नेमाचा सराव करायचा होता. तो पाच गोळ्या झाडून नळी निवेपर्यंत वाट पाहत करता येतो. तेव्हा पातळ नळी चालेल. आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटरच्या रायफल प्रकारात जगात नाव काढले, पण त्यांच्या त्या खास बनावटीच्या, .२२ च्या जड रायफली आणि मला हवी असलेली वस्तू यांत बैलगाडीच्या शर्यतीतला बैल आणि नांगराचा बैल यांच्याइतका फरक आहे, हे गावाकडच्या मित्रांना सांगता सांगता माझी पुरेवाट झाली.

यानंतरचे तीन महिने दुकानांत आणि क्लबातल्या ओळखीच्या लोकांच्या रायफली हाताळण्यात गेले. पाहायला गेलो की आधी नळी सुरक्षित दिशेला, मग बोल्ट उघडून आत काडतूस नाही याची बोटाने आणि डोळ्याने खात्री, आणि मग बाकीचे, हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला की आता टीव्हीवर कोणी तसे न करता बंदूक उचलली की मी अस्वस्थ होतो.

बोल्ट-अ‍ॅक्शनचे मर्म मला यंत्रकामातल्या माणसाच्या नजरेने लवकर कळले. बोल्ट हा एक दंडगोल असून त्याच्या पुढच्या टोकाला दोन किंवा तीन दणकट कान असतात. दांडा खाली दाबला की ते रिसीव्हरमधल्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी घरातल्या, खाचांत फिरून बसतात आणि स्फोटाचा सगळा दाब झेलतात. थ्री-नॉट-थ्रीचे कान मागच्या बाजूला आहेत. त्यामुळे बोल्ट झटपट चालतो, पण दाबाखाली त्याचा लांबलचक दांडा किंचित दबतो. जर्मन माउजरने १८९८ च्या रायफलीत पुढे दोन मोठे कान आणि मागे एक राखीव कान दिला, आणि पुढच्या बहुतेक शिकारी रायफली त्या कल्पनेच्याच लेकी-नाती आहेत. काडतूस मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, वर येताच त्याची कड पकडून ठेवणारा माउजरचा लांब पंजा अनेक जुने शिकारी अजूनही अनिवार्य मानतात. अमेरिकेतल्या विंचेस्टर कंपनीची १९३६ मधली मॉडेल ७० त्याच पंजामुळे प्रसिद्ध झाली. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने तो काढून टाकला, तेव्हा गिऱ्हाइके इतकी नाराज झाली की ६४ पूर्वीची रायफल हा आजही जादा किमतीचा वेगळा वर्ग आहे. मी दोन्ही पद्धतींचे बोल्ट शंभर-शंभर वेळा चालवून पाहिले. पंजावाली पद्धत घाबरलेल्या माणसाला सांभाळून घेते, कारण अर्धवट ढकललेले काडतूसही ती हातचे सोडत नाही. अंगावर धावून येणारे जनावर समोर असेल तर मी तीच घेतली असती. पळून जाणाऱ्या हरणासाठी तिची एवढी गरज मला वाटली नाही.

शेवटी दोन रायफली उरल्या. पहिली जपानची होवा १५००. ही कंपनी मूळची यंत्रमाग बनवणारी, हे समजल्यावर इचलकरंजीच्या शेजारच्या गावचा असल्यामुळे तिच्याबद्दल मला उगाचच जिव्हाळा वाटू लागला. तिचा रिसीव्हर फोर्जिंगचा, सपाट बुडाचा आहे, आणि धक्का झेलणारा खालचा ठोकळा त्याच्याच अंगातून काढलेला आहे. अशा रचनेत सुटे होण्यासारखे काही उरत नाही. दुसरी फिनलंडची टिक्का टी३एक्स, जी रीहिमाकी गावात साको कंपनीच्या कारखान्यात बनते. तिचे मूळचे टी३ मॉडेल २००३ चे. २०१६ च्या सुधारणेत, पूर्वी अ‍ॅल्युमिनियमचा असलेला धक्का झेलणारा तुकडा पोलादी झाला आणि बोल्टच्या मागचे प्लास्टिकचे टोपण धातूचे झाले. म्हणजे लोकांनी जिथे बोट ठेवले, तिथेच कारखान्याने हात घातला. वर्कशॉपमध्ये वाढलेल्या माणसाला अशी दुरुस्ती नव्या चकचकीत मॉडेलपेक्षा अधिक विश्वासाची वाटते. होवा टिक्कापेक्षा सुमारे अर्धा किलो जड, आणि तिचा चाप दोन टप्प्यांचा, अतिशय गोड. टिक्काचा बोल्ट मात्र काचेवर काच सरकावी तसा सरकतो आणि फक्त सत्तर अंश वर उचलला की उघडतो, त्यामुळे स्कोपच्या खाली बोटे अडकत नाहीत.

तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनवर माझा पहिल्या दिवसापासून राग होता. पण प्लास्टिक गंजत नाही, आणि पत्र्याच्या मॅगझिनच्या ओठांना पोचा आला की काडतुसे कशी तिरकी येतात हे मी एका मित्राच्या जुन्या रायफलीत पाहिले होते, म्हणून तो राग आवरता घेतला.

एका रविवारी ओळखीच्या एका सदस्याने त्याची टिक्का समोर धरली आणि मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बोल्ट पूर्ण मागे घेतल्यावर तो वर-खाली थोडा हलतो, त्याला आमच्या वर्कशॉपच्या भाषेत प्ले म्हणतात, आणि होवाच्या तुलनेत हिचा प्ले जास्त की कमी यावर मी दोन आठवडे घोळ घालत बसलो होतो. बाबांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "मागं घेतल्यावर हलतंय म्हणून काय झालं? जागेवर बसल्यावर हलतंय का ते बघ." मी बोल्ट बंद केला. तो तसूभरही हलत नव्हता. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "ह्याचे पार्ट मिळतात का तिथं?" हा प्रश्न माझ्या मोठ्या थोरल्या वहीत कुठेच नव्हता. चौकशी केल्यावर कळले की टिक्का इथे इतकी खपते की तिचे फायरिंग पिन, स्प्रिंग, मॅगझिन, सगळे जवळपास कोणत्याही बंदुकीच्या दुकानात मिळते, आणि बोल्ट हत्यारांशिवाय, नुसत्या हातांनी सुटा करता येतो. रायफल निवडताना मी पोलादाची प्रत, नळीचे वळसे, दस्त्याचा प्लास्टिकचा प्रकार हे सगळे वाचले होते. पंचवीस वर्षांनी मोडणारी चार रुपयांची स्प्रिंग मात्र हिशेबात धरली नव्हती.

काडतूस कोणते, या प्रश्नावर इथले लोक आपल्याकडच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वादाइतक्याच तन्मयतेने भांडतात. सध्या लाट आहे ती २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरची. तिची गोळी लांबट आणि सडपातळ असल्यामुळे वारा तिला कमी ढकलतो आणि धक्काही सौम्य असतो. दुसरीकडे १९५२ पासूनची .३०८ विंचेस्टर. मी ठरवून जुनीच घेतली, आणि त्याचे कारण पुन्हा टिकण्याशी जोडलेले आहे. दोन्ही काडतुसांत दारू जवळपास सारखीच असते, परंतु क्रीडमूरची नळी ६.७ मिलिमीटरच्या गोळीची आणि .३०८ ची ७.८ मिलिमीटरच्या, म्हणजे भोकाच्या क्षेत्रफळात एक तृतीयांशाहून अधिक फरक. तेवढीच आग लहान भोकातून काढली की नळीचा सुरुवातीचा भाग, ज्याला गळा म्हणता येईल, तो लवकर जळतो. .३०८ ची नळी साधारण पाच हजार गोळ्या चांगला नेम देते, तर क्रीडमूरची त्याच्या निम्म्यावर थकू लागते असा नेमबाजांचा अनुभव आहे. केवळ शिकार करणाऱ्याला हा फरक जन्मभर जाणवणार नाही. मी मात्र दर पंधरवड्याला रेंजवर वीस-तीस गोळ्या झाडणार होतो. शिवाय .३०८ आखूड नळीतही फारसा वेग गमावत नाही, आणि सप्रेसर लावून झाडीतून जायचे तर नळी आखूडच बरी. हजार मीटरवर नेम धरणाऱ्याने माझे ऐकू नये. मी तीनशेच्या पुढे गोळी झाडणार नाही हे मला माहीत होते.

निर्णय पक्का करणारी एक गोष्ट मला उशिरा कळली. कॅनडाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सकडे १९४७ पासून थ्री-नॉट-थ्रीच होती. उणे पन्नास अंशांत चालणारी, हातमोजे घालून वापरता येणारी, अस्वलाला थोपवणारी नवी रायफल त्यांना हवी होती, आणि २०१८ पासून त्यांना जी देण्यात येऊ लागली ती टिक्काच्या टी३एक्स रचनेवरची .३०८ रायफल आहे. माझ्या लहानपणच्या हवालदाराच्या खांद्यावरच्या रायफलीची जागा बर्फाळ प्रदेशात नेमक्या याच यंत्राने घेतली, हा योगायोग मला भावला, हे कबूल करतो. निवड फक्त तर्काने केली असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

मी स्टेनलेस पोलादाची, कृत्रिम दस्त्याची, ५१० मिलिमीटर नळीची रायफल घेतली. २०२३ च्या जूनपासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत होते. दुकानदाराने परवाना तपासून क्रमांक टाकला आणि अर्ध्या तासात मी बाहेर पडलो. स्कोपसाठी जवळजवळ रायफलीइतकेच पैसे मोजले, ते मात्र मला अजिबात टोचले नाहीत.

त्यानंतर माझी फजिती झाली. स्कोप धरणाऱ्या कड्या मी स्वस्तातल्या घेतल्या आणि त्यांचे स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळले, कारण आयुष्यभर स्क्रू आवळणाऱ्याला अंदाज असतो असा माझा समज होता. पहिल्या दिवशी शंभर मीटरवर तीन गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा बसल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या पसरल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात एक वर, एक खाली, एक कागदाबाहेर. मी रायफलीला, काडतुसांना, फिनलंडला आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला. शेजारच्या शिकाऱ्याने स्कोप दोन बोटांत धरून हलवला आणि तो टक असा आवाज करून हलला. मग चांगल्या कड्या आणल्या, आटे स्पिरिटने पुसून कोरडे केले आणि टॉर्कचे हत्यार घेऊन उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यावर प्रत्येक स्क्रू बसवला. दस्त्याचे दोन स्क्रूही तसेच. दर स्क्रूवर नखपॉलिशने बारीक रेघ ओढली, म्हणजे तो फिरला तर रेघ तुटलेली दिसते. नखपॉलिश घरातूनच, न विचारता घेतले होते. ती बाटली अजूनही माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

पुढे तीन कंपन्यांची काडतुसे वापरून पाहिली. एकाच रायफलीत एका डब्यातल्या गोळ्या २५ मिलिमीटरच्या वर्तुळात बसल्या आणि दुसऱ्या डब्यातल्या ५५ च्या. शंभर मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर, आणि तेवढ्यात तीन गोळ्या बसतील असे टिक्काचे आश्वासन असते, पण ते योग्य काडतूस सापडल्यावरच खरे ठरते. जे सापडले त्याचे एकाच बॅचचे बरेच डबे घेऊन ठेवले. रेंजवर पोहोचलो की थंड, कोरड्या नळीतली पहिली गोळी एका वेगळ्या कागदावर झाडायची, मग तो कागद काढून ठेवायचा आणि तारीख लिहायची, अशी सवय लावून घेतली. बाकीच्या गोळ्यांत सरावाचा आनंद असतो. रायफलीची खरी हजेरी त्या पहिल्या गोळीत असते.

शिकारीला पहिल्यांदा गेलो ते पुरेओरा वनात, मे महिन्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर. सरकारी वनात शिकार करण्याचा परवाना फुकट मिळतो. झोपड्यांच्या, पायवाटांच्या आणि रस्त्यांच्या जवळ गोळी झाडायची नाही, रात्री दिवा मारून शिकार करायची नाही, अशा त्याच्या अटी असतात. तीन दिवस आंबोलीसारखा पाऊस होता. नळीच्या तोंडावर मी चिकटपट्टीचा एक तुकडा लावला होता, म्हणजे आत पाणी जात नाही. गोळीच्या आधी सुटणारी हवाच ती पट्टी उडवते, त्यामुळे नेमावर परिणाम होत नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठावरून घसरलो आणि रायफल माझ्याआधी खालच्या दगडावर पोहोचली. तो आवाज अजून कानात आहे. त्याच संध्याकाळी पोंगाच्या, म्हणजे झाडाएवढ्या नेचाच्या, आड साठेक मीटरवर तांबूस कातडीचा एक पट्टा दिसला. तो हलला. हरीणच असावे. परंतु डोके दिसत नव्हते, पाय दिसत नव्हते, आणि त्या वनात त्या दिवशी आणखी दोघे शिकारी होते हे झोपडीतल्या वहीत मी वाचले होते. आपटलेल्या स्कोपवरही आता विश्वास नव्हता. मी दोन मिनिटे उभा राहिलो, चापापासून बोट दूर ठेवून. मग ते जे काही होते ते निघून गेले. चौथा नियम पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, त्या दोन मिनिटांत मात्र तो पाळणे फार लांबलचक वाटते.

घरी आल्यावर ओल्या रायफलीला लगेच उबदार खोलीत नेले नाही, कारण थंड लोखंडावर आतून-बाहेरून दव धरते. गॅरेजमध्ये पुसून, बोल्ट सुटा करून वाळू धुतली. नखपॉलिशच्या सगळ्या रेघा अखंड होत्या. दस्त्यावर अंगठ्याएवढा ओरखडा होता. स्कोपच्या नेम जुळवायच्या चकत्यांना हात न लावता दुसऱ्या दिवशी रेंजवर गेलो आणि शंभर मीटरवर एक थंड गोळी झाडली. ती केंद्रापासून १८ मिलिमीटरवर बसली. मागच्या महिन्याची १५ वर होती. मी तो कागद घडी न घालता, सपाट धरून गाडीपर्यंत नेला.

पहिले हरीण त्यानंतर पाच महिन्यांनी मिळाले, ऐंशी मीटरवर, एका गोळीत, आणि त्याचे मांस पाठीवर लादून चार तास चालताना रायफलीचे वजन वाचवल्याबद्दल मी स्वतःचे अनेकदा आभार मानले. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखे अजून बरेच आहे, पण ते रायफलीविषयी नाही.

वर्षभरात जवळपास सहाशे गोळ्या झाल्या. स्टेनलेस पोलादही गंजते, फक्त सावकाश, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर तेलाचा हात फिरवतो. वर्षअखेर सगळी रायफल भिंगाखाली तपासली, तेव्हा तांबेरा एकाच जागी सापडला. खांद्याच्या पट्ट्याची कडी, जी मी वेगळी, स्वस्तात घेऊन स्वतः बसवली होती, तिचा स्क्रू तांबडा झाला होता. फोटो बाबांना पाठवला. त्यांचे उत्तर लगेच आले, "स्क्रू बदल. आणि मला माप पाठव, मी इथनं चांगला करून देतो."